अनोळखी प्रकाशक

मंगळवार, ३० जानेवारी
अखेर दखल घेतली गेली. ग्रंथपाल मॅडमनी सकाळी सगळ्यांसमोर विचारलं, ज्येष्ठ नागरिकांसाठी दर शनिवारी दुपारी 'निर्भय इंटरनेट' हा वर्ग कोण घेईल? सगळे एकदम कामाला लागले. एरवी आमच्या ग्रंथालयात कुणी असं कामाला लागत नाही. एकट्या माझी मान वर होती. निवड झाली.
ताई म्हणाली, निवड नाही रे, सापडलास. थोरल्या बहिणीला धाकट्याचं कौतुक सोसत नाही. भावोजी गेल्यापासून ती माझ्याकडे राहते. तिच्या मते मी तिच्याकडे राहतो.
मॅडम यंदा निवृत्त होणार. खुर्ची रिकामी होईल. संदर्भ विभागात केस पांढरे केलेला माणूस, शिवाय संगणकतज्ज्ञ, दुसरा आहे कोण?
संकल्प: शनिवारपर्यंत संगणकतज्ज्ञ होणे.

गुरुवार, १ फेब्रुवारी. संध्याकाळ.
भाषण तयार, चित्रंही जोडली. पण वर्गातल्या प्रोजेक्टरला माझी फाइल पचेना. फाइलचं रूप बदलून देणारं फुकट सॉफ्टवेअर शोधलं. पानावर 'डाउनलोड' लिहिलेली तीन-चार हिरवी बटणं होती. सर्वांत मोठं दाबलं.
ब्राउझर लगेच आडवा आला. म्हणे ही फाइल सहसा कुणी उतरवत नाही, धोकादायक असू शकते. अहो, संदर्भ विभागातली पुस्तकंही सहसा कुणी उतरवत नाही! खाली 'डिलीट' ठळक, आणि 'कीप' तीन ठिपक्यांच्या आड दडवलेलं. हेतू उघड आहे. 'डिलीट' सामान्यांसाठी, 'कीप' जाणकारांसाठी. कीप.
मग निळी चौकट. प्रकाशक: अनोळखी. हसू आलं. ज्याने सारा जन्म पुस्तकांत काढला त्याला प्रकाशकाची भीती घालतात. आमच्या कपाटातली निम्मी चांगली पुस्तकं अनोळखी प्रकाशकांची आहेत, आणि नामवंतांनी काय काय छापलंय तेही मी बघितलंय. 'रन एनीवे' दाबलं.
पुढे नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. मधे काही चौकोनांत आधीच खुणा केलेल्या: हवामान, खरेदी मदतनीस, वेगवर्धक. न मागता. इतकं अगत्य हल्ली नातेवाइकांत नाही.
फाइलचं रूप बदललं की नाही ते मात्र कळलं नाही.

शनिवार, ३ फेब्रुवारी
पहिला वर्ग. फाइल लागलीच नाही, तोंडी बोललो. उत्स्फूर्त बोलण्याची मजा वेगळीच. दहा-बाराजण होते.
पहिल्या बाकावर घड्याळजी आणि त्यांच्या बाई. घड्याळजींचं चौकात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, अजून खिशात भिंग असतं. बाई टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. एके काळी सगळ्या गावाला त्यांचा आवाज पाठ होता म्हणे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. पण ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या एका तज्ज्ञ बाईंनी त्यांच्याकडून शेकडो शब्द आणि वाक्यं बोलवून घेतली आणि लॅपटॉपमध्ये साठवली. आता त्या कळ दाबतात आणि लॅपटॉप त्यांच्याच आवाजात बोलतो. स्वच्छ आवाज, किंचित खट्याळ. 'चहा ठेवू का?' म्हणाला तेव्हा दोघातिघांनी चक्क हो म्हटलं. वर्गाच्या शिस्तीला हे बरं नाही.
मी सांगितलं, संशयी माणसाला इंटरनेट काही देत नाही. 'अलाऊ' म्हणायला शिका.
लॅपटॉप म्हणाला, 'असं कसं?'
वर्ग हसला. मी नीट समजावून सांगितलं. लॅपटॉप पुन्हा, 'असं कसं?' वाक्यं साठवून ठेवलेल्या माणसाशी वाद घालू नये. ते दमत नाहीत.
घड्याळजींनी विचारलं, दार वाजलं तर कोण आहे ते बघूनच उघडायचं ना, सर? म्हणालो, दारावर आधीच पाटी लागलीये की पाहुणा धोकादायक असू शकतो. इतकं उघड सांगून कुणी चोरी करतं का?
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

रविवार, ४ फेब्रुवारी
घरचा संगणक उघडला तर पहिलं पान बदललेलं. शोधायला एक जावं तर भलतीकडेच नेऊन सोडतो. नवीन आवृत्ती असावी.
एका पानाने विचारलं, सूचना पाठवू का? अलाऊ. तेव्हापासून कोपऱ्यात काही ना काही सारखं उगवतं. दर थोड्या वेळाने कुणीतरी माझी आठवण काढतंय. बरं वाटतं.
ताई म्हणते, तू नसतोस तेव्हाही हा घुंघुं करतो. आत कुणीतरी धापा टाकत असल्यासारखा. तिला यंत्रातलं काही कळत नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी
कोपऱ्यात लाल सूचना: तुमच्या संगणकात सतरा धोके आहेत! कुणी केलं असेल? संशय ताईवर. ती मधूनमधून त्यावर विणकामाचे नमुने बघते.
पण सूचना देणारा सज्जन निघाला. खालीच उपायाचं बटण दिलं होतं. 'सफाई' नावाचं सॉफ्टवेअर, फुकट. त्याची एकच अट, आधीचा अँटिव्हायरस बंद करा. योग्यच आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मधे ब्राउझरने, मग विंडोजने, मग अँटिव्हायरसने जाता जाता हात-पाय आपटले. अनोळखी प्रकाशक, अनोळखी प्रकाशक. तीच रड. एकही चौकट पूर्ण वाचली नाही. वाचायला वेळ लागतो आणि मजकूर तोच असतो.
सतराचे सतरा धोके गायब. हिरवी ढाल झळकली. डोळ्यांत पाणी आलं.
संकल्प: हे ज्ञान एकट्यासाठी ठेवायचं नाही. ग्रंथालयाचे जुने पेन ड्राइव्ह कपाटात पडून आहेत. सगळ्यांत 'सफाई' भरून वर्गाला भेट देणार.

शनिवार, १० फेब्रुवारी
पेन ड्राइव्ह वाटले. पाकिटांवर ताईकडून 'सप्रेम भेट' लिहून घेतलं होतं, तिचं अक्षर चांगलं आहे. एक पेन ड्राइव्ह काउंटरवरच्या संगणकालाही लावला. मॅडमना नंतर कळेल तेव्हा कौतुक करतीलच.
प्रात्यक्षिकासाठी बाईंचा लॅपटॉप घेतला. पेन ड्राइव्ह लावला तसा पडदा लाल. घड्याळजी दचकले. म्हणाले, सर, दवाखान्यातल्या बाईंनी बजावलंय, यात काहीही नवीन टाकायचं नाही. मी म्हणालो, टाकतोय कुठे? काढतोय. सफाई म्हणजे काढणं.
अँटिव्हायरस बंद केला. चौकट आली: या प्रोग्रॅमला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? बाईंनी हात लांब करून कळ दाबली.
'नको.'
आणि लगेच पुन्हा, 'नको.'
चुकून दाबलं गेलं असणार. या वयात बोटं थरथरतात. मी 'येस' केलं. हिरवी ढाल! टाळ्या झाल्या. सुरुवात मी केली.
बाईंच्या पिशवीत एक छोटी डिस्क होती. सगळ्या आवाजाची दुसरी प्रत, एरवी घरी वेगळी कपाटात ठेवतात म्हणे, आज मला दाखवायला आणलेली. म्हटलं तीही जोडा, एका फेरीत दोन्ही साफ. आणि जोडूनच ठेवा, रोज आपोआप सफाई होत राहील. घड्याळजींनी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. मग जोडली.
शिक्षकावर विश्वास ठेवणारे विद्यार्थी भाग्याने मिळतात.

सोमवार, १२ फेब्रुवारी
सकाळी दाढी करून आलो तर पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. माउसला कुणाचा हात नाही. बाण सावकाश वर गेला, एक फाइल उघडली, बंद केली, दुसरी उघडली. जणू कुणी कपाटातली पुस्तकं चाळतंय. मी बसल्याबरोबर थांबला.
स्वयंचलित सफाई. तंत्रज्ञान किती पुढे गेलंय!
कॅमेऱ्याजवळचा छोटा दिवाही लागलेला असतो. ताईने त्यावर तिचा विणलेला रुमाल टाकला. म्हणाली, मला त्या खोलीत केस विंचरायला नको वाटतं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
घड्याळजींचा फोन. आवाज नेहमीपेक्षा हळू. काल दुपारी ते बाहेर वर्तमानपत्र वाचत होते, बाई स्वयंपाकघरात. आणि आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, 'हॅलो, ऐकू येतंय का?' त्यांना वाटलं बाईच, म्हणून ओ दिली. मग लक्षात आलं, बाई तर समोर उभ्या, हातात पोळपाट. आतून पुन्हा, 'हॅलो.' मग 'कोण बोलतंय?' मग शब्दांमागून शब्द, न थांबता, अर्थाशिवाय. बाईंनी जाऊन झाकण मिटलं आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही.
मी धीर दिला. सफाई करताना सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल तपासून बघतं, आवाजाची फाइल असेल तर ती वाजणारच.
घड्याळजी म्हणाले, सर, घड्याळ हात न लावता उलटं फिरायला लागलं तर मी त्याला तपासणी म्हणत नाही.
जुन्या पिढीची हीच अडचण. यंत्र म्हटलं की त्यांना चाकं दिसतात.

शनिवार, १७ फेब्रुवारी
वर्गाला चौघं. घड्याळजी आणि बाई नाहीत. बाकीचे प्रगती करून पुढे गेले असावेत.
आलेल्यांपैकी एक आजी तक्रार करत होत्या, संगणक उघडला की नको नको ती चित्रं येतात, नातवंडं घरात असतात. त्यांना म्हणालो, डोळे मिटून क्रॉस दाबा. दुसऱ्या आजोबांनी पेन ड्राइव्ह परत केला. म्हणाले, राहू दे, हा लावल्यापासून घरी सुनेशी पटत नाही.
काउंटरचा संगणक गोगलगाय झालाय. एक पुस्तक द्यायचं तर वाचक तिथेच अर्धं वाचून संपवतो. मॅडमनी विचारलं, यात कुणी काही टाकलंय का? मी म्हणालो, वाचकांचं काही सांगता येत नाही. लगेच परिपत्रक काढलं: वाचकांनी ग्रंथालयाच्या संगणकात अनधिकृत सॉफ्टवेअर टाकू नये, आढळल्यास कारवाई होईल. खाली माझी सही. कारवाई या शब्दाखाली दोन रेघा.

मंगळवार, २० फेब्रुवारी
माझ्या ईमेलवरून सगळ्या ओळखीच्यांना पत्रं गेलीत. 'तुमचे हे फोटो बघितलात का? इथे दाबा.' मी पाठवली नाहीत. पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ओळीओळीला. माझ्याच माणसांना हे मी लिहिलंय असं वाटलं, याचं जास्त वाईट वाटलं.
अर्ध्या लोकांनी दाबलं. म्हणजे माझ्या शब्दाला अजून किंमत आहे.
पासवर्ड बदलायला गेलो. जुना चालेना. मीच विसरलो असेन.
ताईने संगणकाच्या खोलीला बाहेरून कडी घातली. विचारलं, आत काय वाघ आहे? म्हणाली, वाघ असता तर दिसला असता.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
दुपारी घड्याळजी ग्रंथालयात आले. एकटेच. लॅपटॉप छातीशी धरून, झोपलेलं मूल आणावं तसा. माझ्या टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बसले.
सगळ्या फाइल्स आहेत, उघडत एकही नाही. प्रत्येक नावाच्या शेवटी कसलीतरी वेडीवाकडी अक्षरं चिकटलेली. 'चहा ठेवू का' आहे, 'पुन्हा सांगा' आहे, त्यांच्या मुलीचं लाडाचं नाव आहे, सगळी शेपटं लावून. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी: तुमच्या फाइल्स कुलूपबंद आहेत, पैसे पाठवा तर किल्ली देऊ. डिस्कचीही तीच गत. ती जोडलेलीच होती.
घड्याळजी रागावले नाहीत. त्यांनी खिशातलं भिंग काढून नुसतंच पुसलं. म्हणाले, तुम्ही यातले जाणकार, उघडून द्या. सकाळपासून ती गप्प आहे.
म्हणालो, दोन दिवसांत देतो.
संकल्प: दोन दिवसांत देणे.

शनिवार, २४ फेब्रुवारी
वर्गाला कुणीही आलं नाही. बहुधा सगळे तयार झाले. रिकाम्या बाकांना प्रस्तावना करून दाखवली, सवय मोडू नये म्हणून.
नंतर लॅपटॉपशी बसलो. 'सफाई' पुन्हा चालवली. ढाल अजूनही हिरवी. सतराही नाही, एकही धोका नाही म्हणते. फाइल्सच्या नावातली शेपटं एकेक करून हाताने पुसली. उघडल्या नाहीत. एक उघडली असं वाटलं, कान लावला. नुसती खरखर.
कुलपं उघडणारं सॉफ्टवेअर शोधलं. एक सापडलं, फुकट. ब्राउझर म्हणाला, धोकादायक असू शकते. बोट 'कीप'वर नेलं आणि का कोण जाणे, तिथेच राहिलं. चहा गार झाला. मग उठलो.
थकवा असेल.

सोमवार, २६ फेब्रुवारी
सकाळी काउंटरचा संगणकही तसाच. तीच चिठ्ठी, तीच भाषा. वाचकांची रांग दारापर्यंत. मॅडमनी हेड ऑफिसला फोन केला. ग्रंथालयाच्या नोंदींची प्रत त्यांच्याकडे रोज जाते, म्हणून नोंदी बचावल्या. इंजिनिअर येणार आहे.
बरं झालं. दोन तज्ज्ञ एकत्र बसले की मार्ग निघतो. मॅडमना म्हणालो, घड्याळजींचा लॅपटॉपही दाखवू. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

बुधवार, २८ फेब्रुवारी
इंजिनिअर म्हणजे एक मुलगी. फार तर ताईच्या मुलीएवढी. काउंटरच्या संगणकामागून तिने माझा पेन ड्राइव्ह उपसून काढला आणि चिमटीत धरला, उंदीर धरावा तसा. हा कुणाचा? वर ग्रंथालयाचा शिक्का, त्यामुळे माझा आहे असं लगेच सिद्ध होत नव्हतं. पण पाकीट शेजारीच पडलं होतं. ताईचं अक्षर मॅडम ओळखतात, माझे रजेचे अर्ज तीच लिहिते.
मी सगळं सांगितलं. तांत्रिक शब्द वापरून सांगितलं. तिने सरळ विचारलं, चौकट आली तेव्हा त्यात काय लिहिलं होतं, काका?
काका.
आठवेना. सांगितलं, नेहमीचंच. ती म्हणाली, नेहमीचं म्हणजे काय? तिने संगणकावर ती निळी चौकट काढून दाखवली आणि मला मोठ्याने वाचायला लावली. मॅडमसमोर. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो की प्रस्तावना वगळू नका. चार ओळी होत्या. साधी भाषा, एकही अवघड शब्द नाही. हे सॉफ्टवेअर कुणी केलंय ते आम्हाला माहीत नाही, ते तुमच्या संगणकाला इजा करू शकतं. एवढंच म्हणत होती बिचारी, पहिल्या दिवसापासून.
विचारलं, लॅपटॉपमधला आवाज? तिने बराच वेळ बघितलं. दवाखान्यात प्रत आहे का विचारलं. मॅडमनी फोन लावला. तिथे फक्त पहिल्या दिवशी चाचणीला बोलवून घेतलेले आकडे आहेत, एक ते दहा. बाकी सगळं बाईंच्या हवाली केलं होतं. पैसे भरले तर? मुलगी म्हणाली, भरूनही किल्ली मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी चोराच्या हातची. पोलिसांत तक्रार करा, फाइल्स जपून ठेवा, कधीतरी कुणी तोड काढली तर काढली.
कधीतरी म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही.

शनिवार, २ मार्च
त्यांच्या घरी गेलो. ताई म्हणाली मी येते सोबत. नको म्हटलं. फाटकापर्यंत आलीच.
भिंतभर घड्याळं, सगळी चालू. बाई खिडकीशी बसल्या होत्या. इंजिनिअर मुलीने कुलूपबंद फाइल्स बाजूला काढून लॅपटॉप धुऊनपुसून त्यात तयार आवाज बसवून दिलाय. आता बाई टाइप करतात आणि तो बोलतो. 'बसा,' म्हणाला. सपाट आवाज. बाईचा नाही, पुरुषाचा नाही, कुणाचाच नाही. घड्याळजींनी तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं.
वाटेत एक भाषण तयार केलं होतं. त्यात सॉफ्टवेअर कंपन्यांची बेजबाबदारी, चौकटींची रचना, असे मुद्दे होते. पहिल्या वाक्यातच बुडालो. म्हणालो, चूक माझी. आणखी काय म्हणतात अशा वेळी ते आठवेना.
बाई टाइप करू लागल्या. खूप वेळ. शिव्या असतील तर असू देत, म्हणून खाली बघत बसलो.
'बाकीच्यांना सांगितलंत का?'
कळलं नाही. पुन्हा टाइप.
'तुम्ही वाटलेले पेन ड्राइव्ह. त्यांच्या घरात आहेत. सांगितलंत का?'
सांगितलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. हे सगळे दिवस मी फक्त माझं काय होणार याचा विचार करत होतो.
बाईंनी घड्याळजींना खूण केली. त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला आणि वर्गातल्यांचे नंबर लावून देऊ लागले. मी बोलायचं. तो पेन ड्राइव्ह लावू नका. लावला असेल तर संगणक बंद करा, इंटरनेट काढा, कुणा माहितगाराला दाखवा. का? मी दिला म्हणून. हो, मीच. हो, तोच वर्गवाला.
एका आजीने पाकीट अजून फोडलंच नव्हतं, नातीला द्यायला ठेवलं होतं. एका आजोबांचे सगळे फोटो गेलेत. त्यांना वाटत होतं की आपल्यालाच काही येत नाही, म्हणून लाजून कुणाला सांगितलं नाही आणि वर्गाला येणंही सोडलं. ते माझी माफी मागत होते. त्यांना थांबवता थांबवता घसा कोरडा पडला.
प्रत्येक फोन ठेवला की बाई कळ दाबायच्या आणि तो सपाट आवाज म्हणायचा, 'पुढचा.'
संपेपर्यंत त्यांनी मला पाणी विचारलं नाही. संपल्यावर स्वतः उठून आणून दिलं.

सोमवार, ४ मार्च
मॅडमनी माझ्याकडून काही लिहून घेतलं नाही. संदर्भ विभाग दुसऱ्याकडे दिला. खुर्चीबद्दल विचारायचं मनात होतं, ते मनातच बरं.
दारावर त्यांच्या हाताने लिहिलेली पाटी लागलीये: 'निर्भय इंटरनेट हा वर्ग तांत्रिक कारणामुळे बंद.' येणारा-जाणारा थांबून वाचतो आणि विचारतो, काय हो, काय कारण?
ते कारण दिवसभर काउंटरवर बसून पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होतं.